गंजीवर झोपलेली कुत्री

सौभाग्यवतीस,

तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाईचा खोकला थांबला का? नातू शाळेत जाताना रडत नाही ना?

इकडे लेक बरी आहे. जावईबापूंचा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे, म्हणून गवताची गंजी मीच रचली. हवेचा काही नेम नाही. घटकेत ऊन, घटकेत सर. घाईघाईत थोडं ओलं गवत आत गेलं.

काल सकाळी पाहतो तर दोन्ही कुत्री गोठ्यातली जागा सोडून गंजीवर पसरलेली. लेक म्हणाली, “थाट बघा बाबा यांचा!” मी मात्र हातातलं काम टाकून गंजीकडे धावलो. हात आत खुपसला तर चटकाच बसला. ओलं गवत आतून तापतं आणि एखाद्या वेळी पेटतंसुद्धा. मग सगळ्यांनी मिळून गंजी उपसली. गुरांचा चारा वाचला. हाताला जरासं भाजलंय. अक्षर वाकडं दिसलं तर घाबरू नकोस.

आता गवत पुन्हा वाळेपर्यंत मला निघता येणार नाही, आणि आभाळ तर भरून आलंय. उबदार अंथरूण मोडलं म्हणून कुत्री माझ्यावर रुसून बसली आहेत. मुक्काम लांबला म्हणून तू तरी रुसू नकोस. पत्र लगेच टाक.

तुझाच,
म्हातारा