मागच्या दाराचा पॅच

४ नोव्हेंबर, सोमवार

लावला! आज पहिला पॅच माझ्या हाताने लावला — सरावाचा नव्हे, खऱ्याखुऱ्या लिफ्टचा!

हकिगत लिहून ठेवते. डोळ्यांच्या रुग्णालयातील लिफ्टला दोन दारे आहेत. पुढचे दार भेटायला येणाऱ्यांचे. मागचे, शस्त्रक्रिया करून बाहेर आणलेल्या रुग्णांचे. दार मिटताना मध्ये कुणी आले, तर ते पुन्हा उघडायला हवे. पुढचे उघडते, मागचे उघडत नाही. गेल्या महिन्यात एका बाईंच्या दंडाला ते जोरात लागले. डोळ्यांवर पट्टी, दार मिटते आहे हे त्यांना कळणार कसे? तेव्हापासून रुग्णालयाने तिथे एक मनुष्य केवळ दार धरण्यासाठी उभा केला आहे.

आमच्या गटाचे प्रमुख, सर, यांनी दुरुस्ती लिहिली, परंतु ती आमच्या लिफ्ट-सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत. रुग्णालयातील लिफ्ट जुन्या आवृत्तीवर चालते. नवीतील दुरुस्तीचा पॅच काढायचा आणि तो जुनीवर लावायचा, एवढे काम माझ्याकडे आले.

गिटला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आणि त्यांतील बदल सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, आज्ञा दिली. त्याने हूं की चूं केले नाही. मग आमचे चाचणीवाले — त्यांना सगळे घाईसाहेब म्हणतात, मी मनातल्या मनात म्हणते — त्यांनी चाचणीच्या बोर्डावरील नमुन्याचे दार मिटत असताना मध्ये पुठ्ठा धरला. दार उघडले.

"पास! चला, चहा!"

सर म्हणाले, "बघ. उगाच घाबरत होतीस." मुलाखतीत माझे इंग्रजी अडखळले, तेव्हा समोरच्या चौघांत "मराठीतून सांग, मला कळतं" म्हणणारे ते एकटेच होते. त्यांचा शब्द खाली पडू देणार नाही, असे त्याच दिवशी ठरवले आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मावशीला पॅच म्हणजे काय ते समजावून सांगितले. तिच्या घरी राहते, तिचे खाते, तेव्हा एवढे तरी देणे लागते!

"म्हणजे दिवसभर ठिगळं लावतेस? शाळाभर पहिले नंबर काढून? शिवणाचा क्लास लावला असतास, तर माझे ब्लाउज तरी झाले असते."

मी नेटाने पुढे गेले. पॅच म्हणजे एक चिठ्ठी. कोणती ओळ काढा, कोणती घाला, एवढेच तीत असते. जागा चुकू नये म्हणून त्या ओळीच्या वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळीही उतरवून दिलेल्या असतात. गिट त्या ओळी शोधतो. जिथे जुळतील, तिथे बदल करतो.

"कळलं. पत्ता द्यायचा नाही, शेजार सांगायचा. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला दवाखाना, मधलं घर आमचं."

यापेक्षा उत्तम व्याख्या मला पुस्तकांत सापडलेली नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

रुग्णालयात दुरुस्त आवृत्ती बसवून झाली. महिनाअखेर माझी उमेदवारी संपते. "कायम झालीसच समज," — मावशी.

९ नोव्हेंबर, शनिवार

क्रमाने लिहिते.

सकाळी कार्यालयात जवळजवळ कुणी नव्हते. पुढच्या वेळी अडू नये म्हणून पॅच लावण्याची रीत माझ्या भाषेत लिहून काढावी, असे मनात आले. जुन्या आवृत्तीची एक प्रत घेतली, तोच पॅच पुन्हा लावला. या खेपेस मात्र गिटला सविस्तर बोलायला सांगितले. एरवी तो काम झाले की गप्प बसतो; विचारले, तरच काय केले ते सांगतो. त्याने सांगितले: यशस्वी — नऊ ओळी सरकून.

नऊ ओळी म्हणजे काहीच नाहीत. आवृत्ती बदलली की ओळी मागेपुढे होतातच. परंतु तळटीप वाचल्याशिवाय मला पान उलटता येत नाही — ही खोड शाळेपासूनची. म्हणून तो बदल जिथे उतरला, ती जागा उघडून पाहिली.

पॅचच्या माथ्यावर भागाचे नाव लिहिलेले होते: मागचे दार. आणि मी पाहत होते तो भाग पुढच्या दाराचा होता!

पुन्हा वाचले. पुन्हा तेच. फार वर्षांपूर्वी कुणीतरी पुढच्या दाराचा सगळा भाग उचलून मागच्या दारासाठी जसाच्या तसा उतरवला असावा; मागच्या दाराला लागणाऱ्या जास्तीच्या ओळी तेवढ्या राहून गेल्या. दोन्ही भाग जुळ्या भावंडांसारखे आहेत. नव्या आवृत्तीत त्यांचा क्रम बदलला आहे — जिथे पूर्वी पुढचे दार होते, तिथे आता मागचे आहे. माथ्यावरचे नाव केवळ माणसाच्या डोळ्यांसाठी असते. गिट ते पडताळून पाहत नाही. त्याने शेजार पाहिला. तोच शिंपी, तोच दवाखाना! घर मात्र दुसरेच.

आणि चाचणी? आमच्या बोर्डाला एकच दार आहे. पुढचे. ते मुळातच धडधाकट होते! पास न होऊन सांगते कुणाला?

म्हणजे औषध दिले ते निरोग्याला. एवढेच असते, तर सोमवारपर्यंत थांबता आले असते. परंतु 'दार दुरुस्त झाले' असे आपण रुग्णालयाला लेखी कळवले आहे. मग दार धरणारा मनुष्य आता तिथे कशाला ठेवतील?

सरांना फोन केला. सगळे सांगितले.

"शनिवार आहे. सोमवारी बघू."

"पण सर, तो माणूस त्यांनी काढला असेल तर —"

"तू कुणालाही फोन करू नकोस. कळलं? कुणालाही नाही."

हा स्वर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग रुग्णालयाच्या तांत्रिक विभागाचा क्रमांक लावला. 'कार्यालय सोमवारी उघडेल' — ध्वनिमुद्रित आवाज. ठीक. कार्यालय बंद असेल, लिफ्ट चालू आहे. निघते.

१० नोव्हेंबर, रविवार

काल रुग्णालयातून परतले ती अंथरुणावरच पडले. आज लिहिते.

मागच्या दाराशी कुणीही नव्हते. नुसते स्टूल, त्यावर पाण्याचा जग.

मुख्य परिचारिका बाईंना गाठले. वाटेत घोकलेले वाक्य एका दमात म्हणून टाकले: "आपल्या उद्वाहनाच्या मागील दाराविषयी मला निवेदन करायचे आहे."

"कसलं वाहन?"

"लिफ्ट. लिफ्ट, बाई."

"मग लिफ्ट म्हण ना, पोरी! तुमच्याच कंपनीने दुरुस्त झाली म्हणून लिहून दिलंय. कालपासून तो माणूस मी वॉर्डात घेतला, तिकडे हात कमी पडतायत."

"दुरुस्त झालेली नाही. चूक आमची आहे. पॅच मी लावला होता."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. वेणीपासून चपलांपर्यंत. विश्वास बसत नव्हता, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. मी औषधांचे एक रिकामे खोके मागितले. मागचे दार मिटू लागताच ते मध्ये धरले. दार थांबले नाही. खोके माझ्या हातात चपटे झाले.

"अगं बाई!" त्या खोक्याकडे पाहत राहिल्या. मग वळून ओरडल्या, "त्याला वॉर्डातून परत बोलवा! आत्ताच्या आत्ता!" तो जेवायला घरी गेला होता. शस्त्रक्रियागृहातून रुग्ण यायचे थांबत नव्हते. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी जग खाली ठेवला आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

एका आजोबांना आणले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. चाकांची खुर्ची आत जाताना त्यांनी हात लांबवला. तो माझ्या दंडाला लागला.

"हा कोण?"

"दार धरलंय मी, आजोबा. या सावकाश."

"आवाज नवा दिसतोय. पूर्वीचा खेकसायचा. काय करतेस गं तू?"

"लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहिते."

"मग दार का धरून उभी आहेस?"

"म्हणूनच, आजोबा."

ते इतके हसले की परिचारिका त्यांना रागावली — ताण पडेल डोळ्यांवर!

मनुष्य संध्याकाळी आला. दुरुस्ती होऊन ती स्वतः पाहीपर्यंत त्याला हलवणार नाही, असे बाईंनी मला बजावले. जणू मीच मालक! पाठ ठणकते आहे. मन मात्र शांत आहे. उद्या सरांना तोंड द्यायचे आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

सर्वांदेखत.

"परवानगी न घेता ग्राहकाकडे गेलीस. उमेदवारीवरच्या माणसाने कंपनीची चूक ग्राहकाला जाऊन सांगायची, ही कुठली पद्धत? मी सोमवार म्हटलं होतं की नाही?"

माना खाली. माझीही खालीच होती. तोंडून एवढेच निघाले, "सर, आधी दार."

सर केबिनमध्ये गेले. मी खुर्चीवर बसले आणि कामाला लागले.

पहिले काम: चुकीच्या जागी उतरलेला पॅच उलटा लावून काढून टाकला. दुसरे: नवा पॅच काढताना गिटला सांगितले की तीन ओळींचा शेजार मला पुरत नाही, वीस ओळींचा दे. म्हणजे 'मागचे दार' हे नावही त्या ओळखीच्या ओळींतच आले. तो जुन्या आवृत्तीवर लावला — आणि गिटने साफ नाकारला! 'लागत नाही.' आयुष्यात नकाराचा इतका आनंद कधी झाला नव्हता! चुकीच्या घरात मुकाट शिरण्यापेक्षा दारातूनच परतलेला पाहुणा बरा. मग दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी उघडल्या, आणि मागच्या दाराच्या भागात एकेक ओळ स्वतःच्या हाताने बसवली.

घाईसाहेबांकडे गेले. "बोर्डाला मागचं दार हवं आहे."

"मागचं दार? कुठून आणू? घरचं काढून आणू? बायको काय म्हणेल?"

"त्याशिवाय ही चाचणी खरी नाही."

त्यांनी चष्मा वर केला. प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले असावे. दुपारी सामानाच्या खोलीतून एक जुनी मोटर आणि पत्र्याची झडप घेऊन आले, अंगभर धूळ. "घ्या बाईसाहेब, दार. तोरण तुमचं तुम्ही लावा." आम्ही दोघांनी मिळून जोडले. आधी जुनी आवृत्ती चढवली: मागचे दार पुठ्ठ्यावर आपटले. मग दुरुस्त केलेली: थांबले, उघडले. पुन्हा. मग पुढचे. मग दोन्ही एकदम. चहाचे नाव त्यांनी संध्याकाळपर्यंत काढले नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बसवणाऱ्यांबरोबर मीही गेले. बाईंनी खोके स्वतः धरले. दार उघडले. पुन्हा धरले, पुन्हा उघडले. मग खोक्याऐवजी आपला हातच घातला! दार उघडले.

"आता घेते त्याला वॉर्डात," म्हणाल्या.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आईचा फोन. "कायम झालीस का?" सरांनी माझ्या अहवालात काय लिहिले, ठाऊक नाही. विचारणार नाही. जुन्या आवृत्तीवर याआधी लावलेले सगळे पॅच तपासून पाहायचे ठरवले आहे. जे माझ्या हातून झाले, ते आणखी कुणाच्याही हातून झाले असू शकते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सापडला. गेल्या वर्षीचा. एका शाळेतील लिफ्ट. लहान मुलांसाठी मागचे दार सावकाश मिटावे म्हणून केलेला बदल. उतरला आहे पुढच्या दारात. लावणाऱ्याचे नाव — सर.

छापून त्यांच्याकडे नेला. त्यांनी कागद हातातही घेतला नाही.

"माहीत आहे मला. बरेच महिने झाले. तक्रार आलीय का कुणाची? मग राहू दे."

म्हणजे शनिवारचे ते 'कुणालाही नाही' हे झाकून ठेवण्यासाठी होते!

त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढला आणि त्यांच्यासमोर उभी राहून शाळेचा क्रमांक लावला.