‘निश्चिंत’ या नावाची चौकशी

थोरले साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा नमस्कार. पत्राच्या माथ्यावर ‘विनंती विशेष’ लिहायची पद्धत आहे. विनंती आहे, पण विशेष नाही, तेव्हा ती मागाहून बघू. तुमचा गुडघा कसा आहे? (मला तो रोज कळतो. आपल्या बायका सख्ख्या बहिणी, सकाळचा पाऊण तास फोनवर असतात. त्यामुळे आपण दोघांनी अकरा वर्षं अबोला पाळूनही तुमच्याकडे आज भाजी कोणती, हे मला माझ्या ताटातल्या भाजीआधी समजतं.) पत्र पोचपावती घेऊन का धाडलं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पडू दे.

हिने धंदा काढलाय, हेही तुम्हाला माहीत असेलच. रुग्णाला आडवं ठेवून नेतात त्या ढकलगाड्यांची चाकं ही दुरुस्त करते. अशा गाडीचं एक चाक कायम डावीकडे ओढतं आणि शस्त्रक्रियेला निघालेला माणूस चादरी धुण्याच्या खोलीत पोचतो. ही ते चाक मांडीवर घेते, फिरवून कान लावते, दोन वॉशर बदलते आणि ते सरळ चालायला लागतं. (हा प्रयोग तिने माझ्यावर पंचवीस वर्षं करून पाहिला, तिथे वॉशर मिळाले नाहीत.) मागची खोली आता तिचा कारखाना आहे आणि माझं टेबल बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीखाली. एका मोठ्या रुग्णालयाचा भांडारपाल तिला एकशे चाळीस गाड्या द्यायला तयार झालाय. अट एकच: काम नोंदलेल्या कंपनीलाच मिळणार, आणि नोंदणीचा कागद महिनाअखेरीच्या आत हवा. नाव ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामा मीच.

नोंदणी कचेरीत नावं तपासायला एक बाई बसतात. पुढ्यात सात पेन्सिली, सातही टोकदार. आमच्या घरी त्यांना हरकतबाई म्हणतात. मी पहिल्या दिवशी ‘राष्ट्रीय चाक मंडळ’ नेलं. बाईंनी वाचून विचारलं, “सरकारला माहीत आहे?” म्हटलं, नाही. “मग आधी त्यांना विचारा.” राष्ट्राचा, सरकारचा वास येणारा शब्द घ्यायचा तर परवानगी लागते. दुसऱ्या दिवशी नुसतं ‘चाके’ नेलं. ते फारच मोघम. एवढा शब्द एकट्याला दिला तर बाकीच्यांनी काय करायचं? तिसऱ्या दिवशी ‘जागतिक’ लावलं. बाईंनी विचारलं, “किती देशांत काम चालतं?” मी म्हटलं, मागच्या खोलीत.

पण मला गोडी लागली ती इथेच. नियमांची पुस्तिका मी रात्रंदिवस उशाशी ठेवायला लागलो. ‘बँक’ हा शब्द ज्याची खरोखर बँक नाही त्याने वापरू नये, असं त्यात छापलंय. म्हणजे कोणीतरी कधीतरी जिन्याखाली बँक उघडून बसला असणार. कुणाच्या भावना दुखावणारं नाव चालणार नाही, म्हणजे एकाने ते आणलं असणार आणि वर ‘यात काय वाईट आहे?’ असं विचारलंही असणार. प्रत्येक कलमामागे एक शहाणा उभा आहे आणि त्याचं नाव कुठेच दिलेलं नाही, ही मला त्या पुस्तिकेतली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

चौथ्या दिवशी हिने स्वतःच नाव दिलं, ‘निश्चिंत चाके’. गाडीवर झोपलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं? मला ते पटलं. बाईंनी संगणकात घातलं आणि म्हणाल्या, “‘निश्चिंत’ आधीच आहे.” मी म्हटलं, आमच्या नावात पुढे ‘चाके’ आहेत. त्या म्हणाल्या, शेपूट बदलून नाव बदलत नाही. त्या कंपनीकडून हरकत नसल्याचं पत्र आणा.

“ती कंपनी करते काय?”

“काहीच नाही. अकरा वर्षं.”

“मग बंद पडली की.”

“बंद पडायलाही अर्ज करावा लागतो. तो कोणी केलेला नाही.”

कोण हे बेजबाबदार लोक, असं मी जरा मोठ्यानेच विचारलं. बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.

असो. आणखी काय लिहावं? ताईंना नमस्कार सांगा. जिने जपून चढा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. पडद्यावर दोन संचालकांची नावं होती. पहिलं तुमचं. दुसरं वाचताना मी चष्मा पुसून पाहिला, तरी ते माझंच राहिलं. आपल्या ‘निश्चिंत’ची घडीची शिडी आठवत असेल. उद्घाटनाला वर तुम्ही होता आणि घडीची कळ माझ्या हातात होती. कळ आधी दाबली गेली की तुम्ही आधी चढलात, यावर आपले मतभेद आहेत. (गुडघ्याची चौकशी वर मनापासून केली आहे.) ‘निश्चिंत’ हे नाव तेव्हाही हिनेच सुचवलेलं, तिचं तिला परत हवंय. माझी हरकत नाही, असं मी मला लेखी कळवलं आहे. बाई म्हणतात, हे अर्धंच झालं.

ता. क. २. असं पत्र द्यायला संचालकांची सभा भरावी लागते आणि तिची लेखी सूचना सात दिवस आधी, पोचपावतीसह द्यावी लागते. ती हीच. पुढच्या महिन्यापर्यंत थांबणं शक्य नाही, म्हणून सभा पंचवीस तारखेला सकाळी अकरा वाजता, आमच्या मागच्या खोलीत. विषय एकच, नाव. आमच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत, सिमेंटच्या. मिटत नाहीत.

ता. क. ३. हिने पाकीट चिकटवायच्या आत पत्र वाचलं. म्हणते, तुमच्या दोघांच्या भरवशावर एकशे चाळीस गाड्या सोडायला मी काय वेडी आहे? परवाच कचेरीत जाऊन तिने ‘सरळचाल’ हे नाव मंजूर करून आणलं, मला सांगायचं राहिलं. (ताईंना माहीत होतं. म्हणजे तुम्हालाही.) तेव्हा वरची विनंती रद्द समजा. सभेचं तसं नाही. मी हरकतबाईंना मुद्दाम विचारून घेतलं. सूचना एकदा लिहिली की ती मागे घेण्यासाठी दोन्ही संचालकांना सभा भरवावी लागते. म्हणून पंचवीस तारीख, अकरा वाजता.