मेपलची पश्चिम बाजू

आंग्यो, २४ ऑगस्ट

चि. तात्सुरोस अनेक आशीर्वाद. खरं तर आज द्यायची इच्छा नाही, पण थोरली आहे, रीत सोडवत नाही.

वि. वि. ओबोनला पितरांसाठी म्हणून आलास, थंड शेवया ओरपल्यास आणि मी बाजारात गेलेली बघून माझ्या मेपलची पश्चिम बाजू भादरलीस! संध्याकाळी गडबडीत कळलं नाही, सकाळी बघते तर तू पहिल्या गाडीनं पसार. बाबांनी कलम बांधलेलं झाड ते. जमिनीला टेकणाऱ्या फांद्यांचा तो मंडप मी इतकी वर्षं काडी काडी निवडून राखला. मेपलला कात्री लावायची ती पानं गळल्यावर, थंडीत. रोपवाटिकेत वाढलेल्याला हे सांगावं लागतं? ज्या खोडानं कधी ऊन पाहिलं नाही, ते आता दुपारभर भाजतंय. साल फुटायला लागलीय. मी पेंढा गुंडाळलाय, रोज पाणी घालते आणि घालताना तुला शिव्या देते.

लोभ आहेच, पण सध्या मागू नकोस.

तुझी ताई,
फुमिए

ओसाका, १ सप्टेंबर

ती. ताईस तात्सुरोचा सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या. मला काय हौस होती भर उन्हात शिडीवर चढायची? आईनं सांगितलं म्हणून कापलं. बाबांना घरी बोलवायला आपण दर ओबोनला फाटकापाशी जाळ करतो. आई अंथरुणाला खिळल्यापासून तिला तो दिसतच नव्हता, मध्ये तुझा मेपल. ताईला का सांगत नाहीस म्हटलं, तर म्हणाली, फुमी त्या झाडाला जिवापाड जपते, तिला विचारू नकोस. वर शपथ घातली. ती आज तुझ्यामुळे मोडली. यंदा जाळ पेटला तेव्हा तिचं तोंड बघायला हवं होतंस.

राग ओसरला की दोन ओळी लिही.

तुझा,
तात्सुरो

आंग्यो, ८ सप्टेंबर

चि. तात्सुरोस अ. आ. वि. वि.

राग ओसरला नाही, वाढलाय. रोज भरवते, पुसते, कूस बदलते ती मी, आणि मनातलं सांगायचं ते वर्षातून एकदा उगवणाऱ्या लेकाला! मी नाही म्हणेन असं वाटलं तिला. म्हटलंही असतं, तेच झोंबतंय.

साल वाचवायला मी उन्हाच्या बाजूला बोरूचा पडदा उभा केला होता. तुझं पत्र वाचलं आणि लक्षात आलं, फाटक पुन्हा दडलंय, आणि आई त्या पडद्याकडेच तोंड करून पडलीय. तक्रारीचा चकार शब्द नाही. मी चिडून विचारलं, ओबोन संपला, आता फाटकात काय बघायचंय? म्हणाली, बाबा येऊन गेले गं. आता तात्सुरोची वाट बघते.

पडदा उपसून टाकलाय. झाड वाळेल बहुतेक. माझ्या डोळ्यांदेखत वाळेल, आणि त्याचा राग मी तुझ्यावर जन्मभर धरणार आहे. रजा मिळत नाही वगैरे मला कळवू नकोस. आईला आता फाटक स्वच्छ दिसतंय. त्यातून आत ये.

तुझी, रागावलेलीच,
ताई