भाजलेला बोंबील आणि खालचे दोन दात

आये, माझे खालचे दोन दात हलायचे थांबले. हे आधी तुलाच सांगायला हवं, कारण दात कसे जातात ते मी तुझ्याच तोंडात पाहिलं. पालघरजवळच्या माहीमला आपल्या चुलीपुढे तू उकिडवी बसली आहेस, तव्यावर तंबाखू काळी होतेय, घरभर ठसका. ती मशेरी बोटावर घेऊन तू हिरड्यांवरून फिरवतेस आणि जिथून रक्त येतं ती जागा बरोबर चुकवतेस. "रगत येतंय तिथं बोट लावू नको, जखम हाय ती," हा तुझा कायदा. तो पाळता पाळता तुझे एकेक दात गेले. मग तुझा भाजलेला सुका बोंबील मी पाट्यावर ठेचून द्यायचो. पालघरच्या बाजारात तू मासे विकायचीस, तिथे एकीनं विचारलं, "मावशी, पापलेट ताजं आहे ना?" तू बोळक्या तोंडानं म्हणालीस, "तुझ्या नवऱ्यापरीस ताजा हाय!" बाई हसत हसत घेऊन गेली. मशेरी सोड म्हटलं, तर मला म्हणालीस, "दात गेले तं जाव दे. जीब हाय ना जाग्यावर?"

ती जीभ मला मिळाली. तिच्यावरच मी वर्तमानपत्रांत टोमणे लिहून पोट भरतो. पण तिच्यासोबत तुझा कायदाही आला. ब्रशला रक्त दिसलं की मी ती बाजू सोडून द्यायचो. शेवटी खालचे पुढचे दोन दात नांगरलेल्या होडीसारखे डुलायला लागले, तेव्हा बोईसरला दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, रक्त येतं म्हणून तिथे घासणं बंद केलंत ना?" तोंडात त्यांची नळी, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा मी उलट उत्तर दिलं नाही. "घाण तिथेच साठलीय. हळू, पण तिथेच घासायचं." नळी निघताच विचारलं, "काढावे लागतील?" म्हणाल्या, "आतून मी साफ करते. रोजचं तुमच्या हातात. मग बघू." आये, दुसऱ्यांच्या दुखऱ्या जागांवर बोट ठेवून मी घर बांधलं, आणि स्वतःच्या हिरडीला मात्र जपत बसलो!

हिरड्या बधिर करून त्यांनी मुळांवरचा थर खरवडला. होडीच्या बुडाच्या शिंपल्या तासतात ना, अगदी तसा आवाज. बाहेरच्या खोलीत आलो तर सालवडच्या कारखान्यातला एक कामगार, गालात गुटखा दडवून, विचारतो, "चाचा, दर्द होता है क्या?" म्हटलं, "डाँट में ज्यादा होता है, भाई." त्यानं उठून दाराबाहेर जाऊन थुंकून टाकलं.

मग रोज आरशापुढे मी आणि बाईंनी दिलेला, दातांच्या फटींतून फिरणारा इवलासा ब्रश. आधी रक्त, मग थोडं, मग नाहीच. आज बाईंनी दात दाबून पाहिले. "धरलेत! पण हा आजार ताब्यात राहतो, कायमचा जात नाही. तीन महिन्यांनी दाखवायला यायचं." मी म्हटलं, "म्हणजे घरजावईच की!" त्या इतक्या हसल्या की हातातला आरसा पडला. बोंबलाचं विचारलं, तर म्हणाल्या, "खा, पण बेतानं."

बेतानं! घरी येऊन गॅसवरच भाजला. शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. पुढच्याच दातांनी तोडला आणि कडकन आवाज आला, आये, काय सांगू तुला. पण पहिला तुकडा मी खाल्ला नाही. हात सवयीनं पाट्याकडे गेला, मऊ ठेचून तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवला. तू गेल्यावर हे पत्र तर कुठे टाकणार? तुझा तुकडा मांजरीनं नेला, आणि मी तिला हाकललं नाही.