गाडग्यातली वाळू

आये, मी तुझ्यावर रागावले आहे. हे तू असतानाच सांगायला पाहिजे होतं, पण तू असताना तुझ्यापुढं कुणाचं तोंड उघडायचं? तुला जाऊन पंधरा वर्षं झाली, म्हणून आता लिहिते. शाळा माझी दुसरीपर्यंतची, तीही तूच सोडवलीस, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आपल्या ख्रिस्ती मंडळीचं सालाचं प्रीतिभोजन तू मरताना माझ्या गळ्यात घातलंस. "आता तू बघ," एवढंच म्हणालीस. तुला जमेल का, गिरणीतनं सुट्टी मिळेल का, काही विचारलं नाहीस. तेव्हापासून मी बघते. तुझी रीत होती तशीच चालू आहे. बायका दळायला बसताना पहिली मूठ ज्वारी प्रभूच्या गाडग्यात टाकतात, आणि सुगी सरली की एका रविवारी ती गाडगी देवळात आणून पाळकसाहेबांच्या मेजापुढं एकाच चादरीवर ओततात. पुढच्या रविवारी त्याच ज्वारीच्या भाकरी, बोकडाचं कालवण, आणि सगळी मंडळी एका पंगतीला. गिरणीतला जॉबर आणि झाडूवाली मांडीला मांडी लावून बसतात, हे एक तू चांगलं करून ठेवलंस. तेवढं मान्य करते आणि पुढं जाते.

यंदा आमच्या चाळीच्या वळीत एक विणकरीण राहायला आली आहे. तेलुगू बोलते, मराठी मोडकी, पदरात तीन पोरं. मंडळीत तिचं पहिलंच वर्ष. नवऱ्याचा माग चार महिने बंद. तिला कुणीतरी सांगितलं होतं की गाडगी नुसती मेजावर नेऊन ठेवायची. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओतायची असतात हे सांगणं माझं काम होतं, आणि मी विसरले. त्या रविवारी तिची पाळी आली तेव्हा ती गाडगं पोटाशी धरून उभीच राहिली. मागनं कुणीतरी ढोसलं, "वत की बाई, काय बाळसं धरायचंय का त्याला?" बायका हसल्या. तिनं गाडगं उपडं केलं. वरची चार बोटं ज्वारी पडली आणि तिच्यामागनं वाळू आली. वाळूचा आवाज ज्वारीसारखा नसतो. तो सगळ्या देवळानं ऐकला. सगळ्या घरांच्या ज्वारीवर पसाभर, दोन पसे, गाडगंभर वाळू.

माग चालू होता तोवर मूठ टाकली होती तिनं. माग बंद पडल्यावर तीच काढून पोरांना शिजवून घातली. मग मोकळं गाडगं आणायची लाज वाटली. कुणाचं फसवून खायचं नव्हतं तिला, नुसतं हाताला वजन पाहिजे होतं. पण मंडळीचे मोठे पंच उठले आणि म्हणाले, पुढच्या रविवारी पंगतीआधी हिनं सगळ्यांपुढं उभं राहून आपल्या तोंडानं पाप सांगावं, नाहीतर हिच्या घराला पंगतीत जागा नाही. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुज्या आईच्या वक्ताचा नेम हाय ह्यो. तुला म्हाईत हाय की."

मला माहीत आहे. मी नऊ वर्षांची आहे, पाऊस दोन साल झालेला नाही, तू दळण करायला मडमबाईंच्या बंगल्यावर गेली आहेस. धाकटी तापातनं उठली आहे आणि चुलीपुढं बसून चुलीकडंच बघते आहे. चुलीत काही नाही. मी फळीवरचं गाडगं काढते, एक ओंजळ ज्वारी घेते, भरडते, तिला कण्या करून घालते. मी खाल्ल्या नाहीत. पळी चाटली, खोटं कशाला बोलू. तू आलीस, पातेलं बघितलंस, गाडग्यात हात घातलास, आणि काही बोलली नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. रविवारी माझं मनगट धरून पुढं नेलंस आणि सगळ्या मंडळीपुढं उभं केलंस. "सांग." मी सांगितलं, प्रभूच्या गाडग्यात मी हात घातला. "मोट्यानं सांग." मी मोठ्यानं सांगितलं. तीनदा. मागच्या बाकावरची पोरं पुढं चार वर्षं मला गाडगंफोडी म्हणत होती. फोडलंही नव्हतं मी. त्या साली पंगत बसली तेव्हा तू मला वाढपाला लावलंस आणि शेवटी खरवड दिलीस. मी ती खाल्ली, कारण भूक होती. हे तुला कधी आठवलं का, तू कधी एका शब्दानं बोलली नाहीस. मेलीस तरी बोलली नाहीस.

तर मंडळी आपापल्या घरी गेली आणि वाळूची ज्वारी माझ्यापुढं राहिली. फेकून द्यायला कुणाच्या बापाची होती? मी कुंभारी गावाहून धाकटीला बोलावून घेतलं, गिरणीच्या रीळ खात्यातल्या दोघी मैत्रिणी आल्या, आमच्या मालकांना देवळाच्या विहिरीवर पाणी शेंदायला उभं केलं. शनिवारी सकाळपासून आम्ही ज्वारी रोळायला बसलो. पाण्यात बुडवायची, रोळी हलवायची, वरची ज्वारी काढायची, खाली वाळू राहते ती झटकायची, परत बुडवायची. बोटं सुरकुतली, कंबर मोडली. धाकटी म्हणाली, "आक्के, ही ज्वारी हाय का सीना नदी गं? उद्या भाकरीतनं मासा निगंल." मालक म्हणाले, निघू दे, बोकड लहानच आणलाय. तिला मी त्या कण्यांचं कधी बोलले नाही असं नाही. दोनदा बोलले. तिला काही आठवत नाही. कण्या आठवत नाहीत, मी उभी होते ते आठवत नाही. बरं आहे तिचं.

विणकरीण येऊन आमच्याबरोबर रोळायला बसली. कुणी ये म्हणालं नव्हतं, कुणी जा म्हणालं नाही. खाली मान घालून आम्हा चौघींपेक्षा जास्त ज्वारी रोळली तिनं. आमच्या वळीतली एक म्हातारी, तुझ्याच वयाची, विधवा, ती भिंतीला टेकून वाळलेली ज्वारी निवडत होती. ऊन कलतं झालं तेव्हा पंच बघायला आले. आधी ज्वारीत बोटं घालून बघितली, मग विणकरणीकडं बघून मला विचारलं, "उद्या ही उबी ऱ्हानार न्हवं?"

मी रोळी खाली ठेवली. म्हणाले, "न्हाय. हितं कुनी उबं ऱ्हानार न्हाय."

"तुज्या आईचा नेम..."

"माज्या आईचं मला नका सांगू. दुष्काळात हीच मुठीची ज्वारी काढून तिनं लोकांच्या घरी दिली. प्रभूचं गाडगं भुकेल्यासाटीच असतंय, म्हनायची. इचारा कुनालाबी."

आये, तू असलं कधी म्हणाली नव्हतीस. मी तुझ्या नावावर खोटं बोलले, ते पण देवळाच्या विहिरीवर, आणि जराही अडखळले नाही. मला वाटलं, इतकी वर्षं हे लोक तुझं नाव घेऊन माणसं उभी करतात, एकदा तुझं नाव घेऊन कुणाला बसवते. मी विचारा म्हणाले, कारण विचारायला कोण उरलंय? पंच त्या दुष्काळात मुंबईला होते. मग भिंतीकडनं म्हातारी बोलली. निवडता निवडता, मान वर न करता.

"व्हय. मला दिलती की. पदरभर. मागल्या दारानं आली आन् म्हनली, ने, पर कुनाला बोलू नगंस."

पंचांनी विचारलं, कुठल्या साली. म्हातारी म्हणाली, "हिला उबी केलती त्याच साली."

पंच टोपी सारखी करत निघून गेले. मला मात्र एकदम आठवलं. त्या रविवारी आपलं गाडगं ओतल्यावर कुणीतरी म्हणालं होतं, अर्धं मोकळं कसं? आणि तू माझं मनगट धरलं होतंस. आये, मी एक ओंजळ घेतली होती. माझी नऊ वर्षांची ओंजळ. तिनं गाडगं अर्धं होत नाही. लोकाला पदरभर दिलंस आणि मला पुढं केलंस? दिलं म्हणून सांगायला तुझी जीभ का लुळी पडली? मंडळीनं तुलाच उभं केलं असतं, म्हणून? मोठ्या बाईची लाज जाऊ नये, पोरीची गेली तर चालते, असं काही होतं का? सांग. मोठ्यानं सांग.

रविवारी पंगत झाली. विणकरीण पोरं घेऊन बसली. पंच दोन माणसं सोडून बसले, तिच्याकडं बघितलं नाही, पण उठलेही नाहीत. इतकं रोळूनही भाकरीत वाळू राहिलीच होती. सगळी मंडळी कचकच चावत होती आणि एकमेकांचं तोंड बघून हसत होती. पाळकसाहेबांचा दात दुखावला. मी शेवटी बसले नाही यंदा, सगळ्यांच्या बरोबर बसले, बोकडाची नळी घेऊन. वाढायला पोरं आहेत मंडळीत.

आता ही चिठ्ठी लिहिते आहे ती काही कुणाला वाचून दाखवायची नाही. राग गेला म्हणून लिहिते असंही समजू नकोस, आधी होता त्याच्या दुप्पट आहे. पण म्हातारी माझी मोठी कड घेते हे सगळ्या वळीला ठाऊक आहे. तिच्या आजारपणात मी केलं तिचं. ती माझ्यासाठी खोटं बोलली असेल, मी बोलले तसंच. ती दोन घरं सोडून राहते. जाऊन विचारलं तर खरं काय ते सांगेल, या वयात मला फसवून तिला काय मिळायचंय.

तीन आठवडे झाले, मी गेलेली नाही. तिच्या दारावरनं जायला नको म्हणून गिरणीला लांबच्या वाटेनं जाते. तू मागल्या दारानं गेली होतीस हे मला खरं असायला पाहिजे आहे, आये.