आत राखलेले कापड

वैशाली श्रीकांत बिराजदार, तुझे संपूर्ण नाव मी आयुष्यात मोजक्याच वेळा लिहिले: शिधापत्रिकेवर, मुलीच्या शाळाप्रवेशाच्या अर्जावर आणि अखेरीस महापालिकेच्या मृत्यूनोंदीसाठी. हाक मारताना मी ‘अगं’च्या पलीकडे कधी गेलो नाही. अकरा वर्षे जिच्याशी बोललो नाही, तिला एकदम ‘अगं’ म्हणणे आता संकोचाचे वाटते, म्हणून हे नाव.

तू गेलीस तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. आता तिला सतरा पूर्ण झाली आहेत. बारावीची परीक्षा झाली आणि तिने एका रविवारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. कॅनडाच्या मधोमध विनिपेग नावाचे शहर आहे. पाच महिने बर्फ असतो. तिने इतर शहरे एकेक करून खोडली होती, कारण तिथे राहणे परवडत नाही. विनिपेगला फी कमी, खोलीचे भाडे कमी, आणि शिक्षणानंतर कामही मिळते म्हणे. मी थंडीविषयी विचारले. “उणे तीस,” ती म्हणाली. “इथे अधिक त्रेचाळीस. बाबा, सरासरी काढा, तब्येतीला उत्तम आहे.” मी हसलो नाही. परत कधी येणार, हे मी विचारले. तिने नकाशाची घडी घातली आणि शांतपणे सांगितले, “खोटं बोलत नाही. तिथेच राहायचा विचार आहे.”

मी महाविद्यालयाच्या कार्यालयात सव्वीस वर्षे दाखले लिहीत आहे. दुसऱ्यांची मुले गाव सोडून जाताना त्यांचा दाखला सही-शिक्क्यासह त्याच दिवशी मिळावा, यावर माझा कटाक्ष असतो. आपल्या मुलीच्या बाबतीत मात्र मी म्हणालो की हे फार महाग आहे. त्यावर ती म्हणाली, “बंद खोलीचं भाडं अकरा वर्षं भरणाऱ्या माणसानं महाग-स्वस्त बोलू नये.” साखर पेठेतल्या तुझ्या शिवणाच्या खोलीविषयी ती बोलत होती. गिऱ्हाइकांचे कपडे ज्याचे त्याला पोचते करून मी त्या खोलीला कुलूप लावले, ते तसेच होते. मला ते बोलणे लागले, आणि मी म्हणालो, “तुझ्या आईने याला परवानगी दिली नसती.”

ती म्हणाली, “आई काय म्हणाली असती ते तुम्हाला माहीत. मला कुठून माहीत असणार?” दुसऱ्या दिवसापासून ती इथल्याच महाविद्यालयांची माहितीपत्रके आणू लागली. माझ्याशी नीट बोलत होती, वेळेवर जेवत होती. नकाशा कपाटात गेला. मला हवे ते झाले होते, आणि घरात बसवत नव्हते.

महाग-स्वस्ताचे तिचे बोलणे खरे होते. निदान तेवढे तरी दुरुस्त करावे म्हणून मी खोली सोडण्याचे ठरवले. काल सकाळी गेलो. घरमालकीण मावशी आता वाकल्या आहेत. घरात तेलुगू आणि माझ्याशी मराठी, हे अजून तसेच. मी कुलूप काढले, आणि त्या पदराने नाक झाकून माझ्या मागोमाग आत आल्या. शेजारच्या कापडाच्या मागांच्या हादऱ्याने छताची माती सगळीकडे पडली होती. शिवणयंत्राच्या खणात रिळे, खडू, आणि त्याखाली मुलीचा शाळेचा निळा फ्रॉक, नुसती बटणे लावायची राहिलेला. मी तो रद्दीच्या गाठोड्यावर ठेवला. मावशींनी उचलला, उलटा केला, आणि नखाने खालचा एक टाका तोडला. दुमडीतून चार बोटे नवे कोरे कापड खाली उतरले. दोन्ही कुशींना, बाजूंच्या शिवणींतही, तसेच राखलेले होते.

“बाकीचे फ्रॉक कुठं गेले ओ साहेब?”

“लहान झाले, म्हणून कार्यालयातल्या शिपायाच्या नातीला दिले.”

“लहान कुठं झाले? उसवायचं होतं की. तीन वर्षं बघायला लागलं नसतं.” मग फ्रॉक झटकत म्हणाल्या, “एवढं शिकलेले तुमी, शिवण उलटून बघितलं न्हाई व्हय?”

मी पाहिले नव्हते. तू गेल्यानंतरच्या जूनमध्ये मुलीची उंची वाढली, फ्रॉक गुडघ्याच्या वर गेले, आणि मी तुझ्या हातचे पाचही फ्रॉक घडी घालून पिशवीत भरले. ती एक धरून उभी होती. मी तो तिच्या हातातून सोडवून घेतला आणि म्हणालो, “लहान झालेल्या वस्तू ठेवू नयेत.” त्यानंतर दर वर्षी तयार गणवेश आणला. तू तिच्या वाढीची तयारी आधीच करून ठेवली होतीस, आणि तुझ्या नावाने तिला अडवणारा मी.

दुपारी घरी आलो. ती पंख्याखाली बसली होती. मी उभ्यानेच सांगितले की तिची आई काय म्हणाली असती हे मला ठाऊक नाही. ते वाक्य मी तिला गप्प करण्यासाठी वापरले. मग मला सांगावेसे वाटले ते तिला सांगितले: मे महिन्यात तू जुन्या फ्रिजच्या कप्प्यातला बर्फ उलथन्याने खरवडून ताटलीत घ्यायचीस आणि तिच्या डोक्यावर भुरभुरवायचीस.

“आठवतं,” ती म्हणाली. “फ्रिजचं दार उघडं ठेवलं म्हणून तुम्ही दोघींना रागावला होतात.”

“हो. रागावलो होतो.”

“पण मी त्यासाठी जात नाहीये हं. स्वस्त आहे म्हणून जातेय.” मग तिने विचारले, “आईचं जाऊ दे. तुम्ही काय म्हणता?”

मी “जा” म्हणालो. संध्याकाळी नकाशा कपाटातून बाहेर आला. फ्रॉक मी तिला दिला. तिने तो अंगाला लावून पाहिला, हसली, आणि आपल्या सामानात ठेवला.

हे पत्र कुठे पाठवणार? दाखल्यांच्या जुन्या नोंदवहीत घालून ठेवीन. एक गोष्ट मात्र राहते. ती खोली मी तुझ्या आठवणीसाठी राखली आहे, असे मी सर्वांना सांगत आलो. अकरा वर्षांत मी ते कुलूप एकदाही उघडले नव्हते. आत गेलो तर तू नाहीस हे दिसेल, अशी भीती वाटत होती.

आज सकाळी शिवणयंत्र घरी आणले. खोली झाडून घेतली. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या मावशींच्या हातात परत दिल्या.