सत्त्याण्णव अंशांचा संशय

टिळकवाडी, बेळगाव
मंगळवार, दुपार

तीर्थरूप आप्पांना राघवेंद्राचा नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची साखर (चहातली आणि रक्तातली, दोन्ही) आटोक्यात असेलच. इथे माझा रक्तदाब बरा आहे. पारा चढलाय तो संगणकाचा, आणि त्याबाबत मला आपल्या चिरंजीवांचाच संशय आहे. फोन केला नाही, कारण आमच्याकडे फोन लेक, चिन्मयीच, लावून देते आणि मग शेजारीच उभी राहते. म्हणून हे पत्र संध्याकाळच्या निपाणी गाडीच्या कंडक्टरकडे देतोय.

आपल्या स्वरूपने दोन महिन्यांपूर्वी त्याच्या दुकानात चिन्मयीचा संगणक जोडून दिला. तिची घरांची चित्रं लवकर तयार व्हावीत म्हणून प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवल्यापेक्षा वाढवला. असा वेग वाढवला की यंत्राला तासभर पूर्ण ताण देऊन बघायचं, पंच्याऐंशी अंशांपर्यंत काळजी नाही, पंच्याण्णव झाले की ताबडतोब थांबायचं, हे त्यानेच सांगितलं. दुकानात तासाभराने अठ्ठ्याहत्तर होते. इथे काल दहा मिनिटांत सत्त्याण्णव झाले आणि पडदा काळा. चौतीस वर्षं कोर्टात काढली मी, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. जुना प्रोसेसर नवा म्हणून खपवलाय, असं माझं मत झालं. तरी कुणावर अन्याय नको म्हणून घरातही चौकशी केली. कामाच्या मालुबाईला विचारलं, यंत्राला हात लावतेस का. ती म्हणाली, "मी कशाला लावू, अण्णा? तुमीच की दिसभर त्येच्या मागं हात घालतासा." साक्षीदार उलटा आरोप करते म्हणजे काहीतरी लपवते, अशी मी नोंद घेतली.

चित्रं शुक्रवारी द्यायची आहेत. नाही गेली तर चिन्मयीचं पहिलं मोठं काम हातचं जाईल. पोरगी दोन दिवस धड जेवलेली नाही, ते मला बघवत नाही. स्वरूपचं तोंड बघणार नाही म्हणते. तेव्हा त्याचा लेखी खुलासा पाठवावा.

आपला,
राघवेंद्र

ता. क. एवढं लिहून थकलो म्हणून तपकिरीची डबी घ्यायला उठलो. (ती मी सोडली, असा चिन्मयीला शब्द दिलाय.) पावसात तपकीर सादळते, म्हणून आपण पाठवलेली डबी मी संगणकाच्या वरच्या जाळीवर, मागच्या बाजूला ठेवतो. तिथे छान ऊब असते. आज झाकण निघालेलं आणि डबी निम्मी रिकामी. निम्मी कुठे गेली, याबद्दल संशय घ्यायला घरात माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. स्वरूपवर उगाच आळ घेतला, याची मनापासून लाज वाटते. खुलासा नको.

ता. क. दुसरा. स्वरूपला उद्या पहिल्या गाडीने पाठवावं. त्याने यंत्र अंगणात नेऊन आतल्या पंख्याची पाती साफ करावीत आणि चिन्मयीला नुसतं "धूळ होती" म्हणावं. येताना नवी डबी आणावी.

ता. क. तिसरा. आत्ताच आतल्या खोलीत स्क्रू पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चिन्मयीच्या सहा शिंका. आता ती मला हाक मारतेय. "बाबा" म्हणून नाही, "शिरस्तेदार" म्हणून. डबी आणू नये. स्वरूपसोबत आपणही यावं.